एकच घर, तीन गावं

गेल्या गुरुवारी दाराच्या फटीतून एक करड्या काठाचं पाकीट आत पडलं. इथं वर्षभर राहिलेल्या कुणालाही ते उघडायच्या आधीच कळतं की कुणीतरी गेलं. पलीकडच्या घरातल्या बेप्पेचे थोरले भाऊ गेले होते. बेप्पे म्हणजे फ्रिशियनमध्ये, नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या आमच्या या प्रांताच्या भाषेत, आजी. तिची नातवंडं तिला बेप्पे म्हणतात, माझी लेक त्यांच्यातच खेळून मोठी होतेय म्हणून ती पण म्हणायला लागली आणि मग मी पण. इथं नाव घेऊन हाक मारायची पद्धत आहे, ऐंशीच्या बाईला पण सरळ नावानं, ते मला चार वर्षांत जमलेलं नाही आणि जमवायचं पण नाहीये.

कार्डावर मधोमध नाव आणि त्याखाली दोन बारक्या ओळी. पहिली जन्माची, मुर्मरवाउडे, १९३८. दुसरी मृत्यूची, डामवॉल्ड, म्हणजे आमचं हे गाव, आणि त्या आठवड्यातली तारीख. बाकी घरच्यांची नावं. मी कार्ड फ्रीजवर लावलं आणि मनात म्हटलं, म्हणजे काका मूळचे इथले नव्हेत, दुसऱ्या कुठल्या गावचे, नंतर इथं येऊन राहिलेले असणार.

दफनाच्या दिवशी पेटी घेऊन चर्चभोवती तीन फेऱ्या झाल्या, ही इकडची जुनी पद्धत आहे, वर घंटा वाजत होती आणि सगळे एक शब्द न बोलता चालत होते. नंतर हॉलमध्ये कॉफी आणि केक. मी बेप्पेजवळ जाऊन बसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, भाऊ मुर्मरवाउडेहून इकडं कधी आले होते? तिनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिली.

"अगं पोरी, तो कुठून येणार? समोरच्या खोलीत जन्मला आणि त्याच खोलीत गेला. खिडकीखाली पलंग होता ना, तिथंच."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय म्हणून आज लिहायला बसले. आमच्या गावाबद्दल मी आधी इथं कधी लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काय आहे असं वाटायचं, साडेपाच हजार वस्तीचं गाव, प्रांताची राजधानी लेवार्डनहून अर्ध्या तासावर, डोक्कुमच्या अलीकडं. सपाट शेतं, गाई, बांधावर झाडांच्या रांगा, वारा. घरभाडं शहरापेक्षा परवडतं म्हणून आम्ही इथं आलो, बाकी काही कारण नव्हतं.

तर गोष्ट अशी आहे की १९७१ च्या आधी डामवॉल्ड नावाचं गावच नव्हतं. तीन गावं होती. डांटुमावाउडे, आकरवाउडे आणि मुर्मरवाउडे. वाउडे म्हणजे रान, जंगल. तिन्ही गावं एका वाळूच्या उंचवट्यावर रस्त्याच्या कडेनं लांबच लांब पसरलेली, प्रत्येकाचं चर्च वेगळं, स्मशान वेगळं, शाळा वेगळी, भांडणं पण वेगळी. घरं वाढत वाढत एकमेकांना चिकटली, एक गाव कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते पाटी वाचल्याशिवाय कळेना. मग १९७१ साली ठरलं की हे एकच गाव. नाव काय द्यायचं? एकाचं दिलं तर दोघं रुसणार, हे तर आपल्याला सांगायलाच नको. म्हणून तिन्ही गावांची पहिली अक्षरं घेतली. डांटुमावाउडेचं डी, आकरवाउडेचं ए, मुर्मरवाउडेचं एम. डॅम. त्याला शेवटी तिघांत सारखं असलेलं वाउडे जोडलं. झालं डामवाउडे.

मला हे कळेपर्यंत मी समजत होते की इथं कधीतरी धरण किंवा बंधारा असणार. कारण हॉलंडमध्ये नावात डॅम आलं की बंधारा असतोच, आम्स्टेल नदीवरचा बंधारा म्हणून आम्स्टरडॅम, रोटे नदीवरचा म्हणून रॉटरडॅम. माझा भाऊ गेल्या उन्हाळ्यात आला तेव्हा तो इरिगेशनमधला माणूस, पहिल्याच दिवशी म्हणाला चल तुझं ते डॅम दाखव. मी त्याला सायकलवरून सगळीकडं फिरवलं, एक कालवा दाखवला, त्याचं समाधान झालं नाही. आता फोनवर सांगितलं की ते डॅम म्हणजे नुसती तीन अक्षरं आहेत, तर बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, असं पण गावाचं नाव ठेवतात?

मला पण आधी तसंच वाटलं. शेकडो वर्षांची गावं आणि त्यांचं एक एक अक्षर उरलं. पण मग विचार केला की रागवायचं तरी कुणावर, त्या लोकांनी निदान तिघांना सारखं माप लावलं. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही.

पुढचा बदल २००९ चा. आमची खेमेंटे, म्हणजे इथली नगरपालिका म्हणा, तिचं डच नाव डांटुमाडेल होतं ते त्या वर्षी फ्रिशियन झालं, डांटुमाडील, आणि तिच्यातल्या गावांची फ्रिशियन नावं अधिकृत झाली. डामवाउडेचं डामवॉल्ड झालं. ज्या स्टेशनवर मी रोज सायकल लावून लेवार्डनची गाडी पकडते ते ज्वागवेस्टआइंडे होतं, त्या गावाचं झालं डे वेस्टरेन. फेनवाउडेनचं फिअनवॉडन. घरात, दुकानात, गोठ्यात लोक आधीपासून हेच म्हणत होते, फक्त पाटीवर आणि कागदावर दुसरं होतं.

आणि हो, मी वर डामवॉल्ड लिहिलंय पण तसं म्हणायचं नाही. लिहिताना एल असतो, म्हणताना तो गायब. म्हणायचं डामवॉट. माझी लेक शाळेत फ्रिशियन शिकते, इथल्या प्राथमिक शाळांत १९८० पासून हा विषय सक्तीचा आहे, तिनं मला हे शिकवलं. पहिल्या वर्षी मी बेकरीत जाऊन ठासून डामवॉल्ड, डामवॉल्ड करायचे. तिथल्या बाई हसून ऐकून घ्यायच्या. फ्रिशियनबद्दल एक मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडतं, शब्दाच्या सुरुवातीचा ग आपल्यासारखाच ग आहे. डचमध्ये तो घसा खरवडून ख करावा लागतो, चार वर्षं झाली तरी माझा नीट निघत नाही. इथं रस्त्यात कुणी भेटलं की "गूये" म्हणायचं, संपलं. किती बरं वाटतं.

आता या टोपीबद्दल सांगायलाच पाहिजे. डामवॉल्डच्या स्पेलिंगमधल्या दुसऱ्या ए वर टोपी असते, दोन तिरक्या रेघांची, घराच्या छपरासारखी. ती टोपी आहे म्हणून तर तो ऑ होतो आणि एल गप्प होतो. पण जगातल्या निम्म्या कॉम्प्युटरना ती टोपी दिसत नाही. आईनं दिवाळीला पार्सल पाठवलं, भडंग, मेतकूट, लेकीला परकर पोलकं. तिकडच्या एका कुरिअरवाल्याच्या वेबसाइटवर शहराच्या रकान्यात टोपीचा ए टाकला की लाल अक्षरात येतं, नाव चुकीचं आहे. टोपी काढून टाकलं तर म्हणे असं शहर सापडत नाही. मग यादी उघडते, त्या यादीत डामवाउडे! २००९ साली गेलेलं नाव. बाबांनी तेच निवडलं. पार्सल निघालं, पोचलं ते कुठंतरी गोदामात, तिथं एकानं यंत्रात टाकून बघितलं तर पोस्टकोड एका गावाचा आणि नाव दुसऱ्या गावाचं. अहो, तेच गाव आहे! मी फोनवर हे कितीदा सांगितलं याची गिनती नाही. समोरचा मुलगा भला होता पण त्याला स्क्रीनवर जे दिसतं त्याच्या पलीकडचं काही करता येत नव्हतं. तो म्हणाला मॅडम मला इथं डामव, मग प्रश्नचिन्ह, मग एल डी दिसतंय. प्रश्नचिन्ह! माझ्या गावाच्या नावाच्या मधोमध प्रश्नचिन्ह. सव्वीस दिवसांनी पार्सल आलं. भडंग सादळलं होतं, तव्यावर परतून खाल्लं.

आणि हे एकदाच होत नाही. विम्याच्या पत्रावर टोपीच्या जागी दोन विचित्र चिन्हं येतात. लेकीच्या पोहण्याच्या क्लासच्या सर्टिफिकेटवर सरळ जुनं डच नाव. विमानाच्या तिकिटाच्या साइटवर पत्ता भरताना टोपी दिली की पुढचं पान उघडतच नाही. बेप्पेला मी एकदा वैतागून हे सगळं सांगितलं, म्हटलं कशाला हवी ती टोपी, एवढ्याशा दोन रेघा. ती जरा कडकच झाली. म्हणाली त्या दोन रेघा यायला आम्हाला किती वर्षं लागली ते तुला माहीत नाही.

मग तिनं क्नेपलफ्रेडची गोष्ट सांगितली. क्नेपल म्हणजे सोटा, फ्रेड म्हणजे शुक्रवार. सोट्यांचा शुक्रवार. १६ नोव्हेंबर १९५१. हेरनफेन गावच्या कोर्टात फ्रिशियन बोलू देत नाहीत म्हणून फेडे स्खूरर नावाच्या पत्रकारानं, ते कवी पण होते, न्यायाधीशावर कडक लेख लिहिला. त्याबद्दल त्यांच्यावरच खटला भरला. त्या दिवशी लेवार्डनच्या कोर्टासमोरच्या चौकात गर्दी जमली आणि पोलिसांनी सोटे चालवले, पाण्याचे फवारे मारले. बाजाराचा दिवस, त्यात काय चाललंय हे माहीत नसलेल्यांना पण मार बसला. त्यानंतर सरकारला जाग आली, १९५६ मध्ये कोर्टात फ्रिशियन बोलायचा हक्क कायद्यात आला. प्रांताचं नाव फ्रिसलंडचं अधिकृत फ्रिस्लॉन व्हायला १९९७ उजाडलं. फ्रिशियनच्या वापराचा वेगळा कायदा २०१४ चा. म्हणजे सोट्याचा मार १९५१ ला आणि पाटीवरचं नाव जवळजवळ पन्नास वर्षांनी. मी त्या चौकातून रोज जाते, तिथं आता उन्हाळ्यात लोक खुर्च्या टाकून कॉफी पीत असतात. परवा मुद्दाम थांबले आणि कोर्टाच्या खांबांकडं बघत उभी राहिले.

या लोकांचं मला खरंच कौतुक वाटतं. अख्ख्या प्रांताची वस्ती साडेसहा लाख, आपल्या एकट्या सांगली जिल्ह्याची २०११ ला अठ्ठावीस लाख होती. त्या साडेसहा लाखांत पण सगळ्यांची मायबोली फ्रिशियन नाही, साधारण निम्म्यांची. तेवढ्यात शाळा, कोर्ट, पाट्या, टीव्ही. आणि आपण? आपण कोट्यवधी असून घरातल्या पोरांशी इंग्लिशमध्ये बोलतो. मला माहीत आहे यावर काहीजण म्हणतील की तू स्वतः परदेशात बसून हे बोलतेस. बोलते. लेकीशी मी घरात मराठीशिवाय एक शब्द बोलत नाही, तिला श्र आणि ज्ञ लिहिता येतात.

पण कौतुक कितीही असलं तरी कुणी आपल्याला बोललेलं खपत नाही, ते पण खरं. मागच्या महिन्यात ऑफिसात जेवणाच्या वेळी, जेवण म्हणजे ब्रेडवर चीज, एकजण मला म्हणाला, तुमच्याकडं शहरांची नावं सारखी बदलत असतात ना, बॉम्बेचं काय ते दुसरं झालं, लोकांचा गोंधळ नाही होत? तो इकडचा नाही, उट्रेख्टकडचा. मी चमचा खाली ठेवला. म्हटलं बाबा रे, मुंबई हे नाव बदललेलं नाही, आमच्या घरात कुणी कधी दुसरं काही म्हटलंच नव्हतं, १९९५ ला फक्त इंग्लिश कागदानं आमचं ऐकलं. आणि तू ज्या प्रांतात पगार घेतोस त्याचं नाव तुझ्या ईमेलच्या सहीत अजून जुनंच आहे, ते आधी दुरुस्त कर. बाकीचे फ्रिशियन सहकारी टेबलावर हात आपटून हसले. मला दिवसभर भारी वाटत होतं.

संध्याकाळी गाडीत बसल्यावर मात्र बेळगावची मावशी आठवली. ती बेळगावच म्हणते. २०१४ च्या नोव्हेंबरपासून पाटीवर बेळगावी आहे. कानडी बोलणाऱ्यांच्या घरात ते आधीपासून बेळगावीच असणार, जसं बेप्पेच्या घरात डामवॉट. मी ऑफिसात जे ठणकावून बोलले तेच तिथला कुणी माझ्या मावशीला ठणकावून बोलू शकतो. मावशीसमोर मी हे कधी म्हणणार नाही. ती साठ वर्षं ज्या नावात राहिली त्या नावाचा तिला लळा आहे आणि तो मला बरोबरच वाटतो. इकडं फ्रिशियन नावावर डच लोक असे पेटून उठताना मी तरी बघितले नाहीत, कदाचित त्यांच्याकडं बाकी सगळं आहे म्हणून.

एक गोष्ट मला कालपर्यंत कुणी सांगितली नव्हती, मी स्वतः कागदावर लिहून बघितली. तिन्ही जुन्या गावांची फ्रिशियन नावं आहेत डांटुमवॉट, इकरवॉट आणि म्वारेवॉट. आकरचं फ्रिशियनमध्ये इकर होतं. म्हणजे पहिली अक्षरं घ्यायची तर डी, आय, एम. फ्रिशियनप्रमाणे गावाचं नाव डिमवॉट व्हायला पाहिजे होतं. पण १९७१ ला अक्षरं घेतली डच नावांची, आणि २००९ ला त्या डच अक्षरांना शेपूट लावलं फ्रिशियन. बेप्पेला दाखवलं तर तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाली, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग म्हणाली, तरी एम राहिलाय, एम आमचा आहे.

"एम आमचा आहे." मी त्या वाक्याशी अडकून बसले.

कारण मी कुपवाडची आहे. हे इथल्या वाचणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत आहे? मी पहिल्या लेखापासून "आम्ही सांगलीचे" असंच लिहीत आलेय. १९९८ साली आमच्याकडं पण तीन गावांची एक महानगरपालिका झाली, सांगली मिरज कुपवाड. आमच्याकडं अक्षरं घेतली नाहीत, तिन्ही नावं पूर्णच्या पूर्ण लिहिली, गाडीवर, पावतीवर, कचऱ्याच्या डब्यावर. त्याचा मला लहानपणी केवढा अभिमान वाटला होता, की बघा आमचं नाव पाटीवर आलं. पण बोलताना? बोलताना सांगली. फार तर सांगली मिरज. सांगलीची हळद, सहा गल्ल्यांची सांगली. मिरजेचे तंबोरे, मिरजेचे डॉक्टर, मिरज जंक्शन. कुपवाड म्हटलं की एमआयडीसी, आणि ती पण लोक सांगलीची म्हणतात. बाबांनी तिथं फाउंड्रीत एकतीस वर्षं काढली, पाहुण्यांना सांगताना ते सुद्धा सांगलीला कंपनीत आहे म्हणायचे. भडंगाच्या पाकिटावर सांगली असतं, आणलेलं असतं कुपवाडच्या चौकातल्या दुकानातून.

माझ्या पासपोर्टवर जन्मगाव सांगली आहे. अर्ज भरून देणारा एजंट म्हणाला ताई सांगलीच टाका, कुपवाड कुणाला कळणार. मी टाकलं. इथं आल्यावर खेमेंटेत नोंदणीला गेलो, त्यांचं ऑफिस ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव हिन्स्टेब्लोम, म्हणजे एक पिवळं रानफूल, गवतात सगळीकडं उगवतं. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट बघून टाइप केलं आणि विचारलं, सांगली, बरोबर? मी म्हटलं बरोबर. तेव्हा सामान यायचं होतं, लेक रडत होती, घराची किल्ली मिळायची होती, गावाच्या नावावरून कोण बोलत बसणार. आणि खरं सांगायचं तर पासपोर्टवर एक आणि तोंडानं दुसरं, असं परदेशी ऑफिसात सांगायची कुणाची हिंमत होते? कुणीही हेच केलं असतं.

दफनानंतर आठवड्यानं मी बेप्पेकडं गेले, डबाभर शिरा घेऊन. घरात तिनं आणि भावानंच पंधरा वर्षं काढली होती, दोघांचीही माणसं गेल्यावर. पलंग अजून खिडकीखाली होता, गादी गुंडाळलेली. तिनं कॉफी केली आणि एकदम विचारलं, तू नेमकी कुठली गं? म्हटलं इंडिया. ते माहीत आहे, म्हणाली, इंडियात कुठली? सांगली. ते गाव आहे का शहर? शहर. तू शहरातली आहेस? तिचा आवाज असा होता की खोटं बोलवेना. म्हटलं नाही, शेजारचं गाव, कुपवाड.

तिचे डोळे मोठे झाले. "कुपवॉट?"

दोनदा, तीनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. तिच्या कानाला ते वॉटच ऐकू येत होतं, डामवॉट, म्वारेवॉट, कुपवॉट. विचारते, तुमच्याकडं पण रान होतं का? मी सांगितलं की वाड म्हणजे रान नव्हे, आणि रान असलंच तर उसाचं. तिला काही ते पटलं नाही. मला म्हणाली लिहून दाखव. तिच्या गॅसच्या बिलाच्या मागं मी मराठीत लिहिलं, कुपवाड. तिनं कागद खिडकीकडं धरला. वरच्या शिरोरेघेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"तुमच्यात तर अख्ख्या शब्दाला टोपी आहे," म्हणाली.

तो कागद तिनं ठेवून घेतला.

त्याच रात्री बाबांना फोन केला, म्हटलं माझा शाळा सोडल्याचा दाखला शोधा. "आता कशाला पायजे तुला तो?" म्हणाले. म्हटलं पासपोर्ट नवा करायची वेळ आली आहे, जन्मगाव दुरुस्त करून घेणार आहे. ते जरा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले ट्रंकेत असंल, उद्या बघतो. काल सकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो आला, घडीवर पिवळा पडलेला कागद, एका कोपऱ्याला डाग. जन्मस्थळाच्या रकान्यात आमच्या मुख्याध्यापकांच्या निळ्या शाईच्या अक्षरात लिहिलंय, मु. पो. कुपवाड, ता. मिरज, जि. सांगली.